उलटसुलट टॉकीज

“आधी पोरीला खरं मरण काय ते सांग, मग खोटं दाखव,” असं इंदुमतीकाकू मला पानिपतहून परत येताना बसमध्ये म्हणाल्या होत्या, आणि मी हसत म्हटलं होतं, “काकू, पाच वर्षांची आहे ती. तिला कशाला आत्तापासून मरणबिरण.” चौदा जानेवारी होती. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मराठी मंडळींची दरवर्षी एक बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तिळगूळ घेऊन. त्या दिवशी धुकं असं होतं की अगदी जवळ जाईपर्यंत स्मारक दिसलंच नाही. एक गृहस्थ माइकवर सांगत होते, किती माणसं पडली, किती घरांतून बायका वर्षानुवर्षं निरोपाची वाट बघत बसल्या. बायकांनी डोक्यावर शाली घेतल्या होत्या आणि सगळे पायांतल्या थंडीकडे दुर्लक्ष करून गंभीर उभे होते. तेवढ्यात माझ्या मुलीनं, कादंबरीनं, माझा स्वेटर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मम्मा, मग कट कधी झालं? मग ते सगळे उठून घरी गेले ना?” आधी एक जण हसला, मग पुष्कळ जण. माइकवाले गृहस्थसुद्धा हसले. माझा नवरा प्रतीक तर इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्यानं ते ऑफिसात सांगितलं. हसल्या नाहीत त्या एकट्या इंदुमतीकाकू. बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या मांडीवर झोपलेल्या कादंबरीचे बूट सोडवले, आणि मग ते वाक्य बोलल्या. मी ते झटकून टाकलं. झटकलं म्हणजे काय, तर हसले आणि त्यांना संत्रं सोलून दिलं.

‘कट’ आलं होतं ‘उलटसुलट टॉकीज’मधून. तुमच्या घरी लहान मूल असेल तर तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात प्राणी राहतात. मालक उंदीर आहे आणि डायरेक्टर एक लठ्ठ कोंबडी. रोज ते एखादी जुनी परीकथा नाहीतर एखादा गाजलेला सिनेमा करायला घेतात आणि सगळा विचका करतात. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या घोरते इतकी की राजपुत्र कानात बोळे घालून पळून जातो. म्हाताऱ्या आजीला गिळायला आलेल्या लांडग्याला आजीच्या शालीची ॲलर्जी होते. हिरोला सात गोळ्या लागतात आणि मरताना तो इतका लांबलचक डायलॉग मारतो की खलनायक मध्येच चहा प्यायला निघून जातो. डोंगरावरून पडणं, खांबाखाली चिरडणं, विष, तलवार, पूर, सगळं येऊन जातं, आणि मग कोंबडी भोंगा घेऊन येते, ‘कट’ म्हणते, आणि मेलेले सगळे पिसं झटकत उठतात. मोठ्या माणसांना मोठी गंमत वाटते. मलाही वाटायची. स्वयंपाकघरातून मी ऐकायचे आणि हातात लाटणं तसंच धरून हॉलमध्ये येऊन हसायचे, कारण प्रत्येक नक्कल कशाची आहे ते मला कळत होतं. कादंबरीला कळत नव्हतं. तिला मूळ गोष्ट एकही माहीत नव्हती. तिच्या वाट्याला नक्कलच आधी आली. मी साहित्य शिकलेली, एम.ए. झालेली बाई, विडंबनावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली, आणि ज्याचं विडंबन आहे ते आधी माहीत असावं लागतं ही बालवाडीतली गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

का आली नाही तेही मला माहीत आहे. मालिका मराठीत डब केलेली होती. त्याच्या आदल्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो तेव्हा कादंबरी माझ्या सासूबाईंना म्हणाली होती, “आजी, मेरेको वो वाला लाडू नाही पाहिजे, त्यात काहीतरी चुभतं.” सासूबाईंनी माझ्याकडे बघून पदरानं चष्मा पुसला, आणि त्या पुसण्यात सगळं आलं. दिल्लीला परतल्यावर मी चॅनेल शोधत बसले. ही एक मालिका सापडली, जिच्यात उंदीर ‘गहजब झाला’ म्हणतो आणि कोंबडी ‘अरे कर्मा’ म्हणते. दोन महिन्यांत कादंबरी ‘फजिती’, ‘तारांबळ’, ‘नाकीनऊ’ असले शब्द बोलायला लागली. सासूबाईंना मी व्हिडिओ पाठवले. मी इतकी निर्धास्त झाले की रोज साडेअकराला टीव्ही लावून देणं हे मला संस्कार केल्यासारखं वाटायचं. काकूंनी एकदा विचारलंही, “मराठीत आहे म्हणून काहीही पाजशील का गं?” वर म्हणाल्या, “नाव कादंबरी, आणि एक धड गोष्ट येत नाही कारटीला.” त्यांचं बोलणं असंच असायचं, चिमटा काढून मग तिथेच फुंकर घालायच्या.

आमची दारं समोरासमोर, तिसऱ्या मजल्यावर, मध्ये चार पावलांचा पॅसेज. काकू अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे चिरंजीव नीरज एका मंत्रालयात आहेत, सरकारी क्वार्टर त्यांच्या नावावर, आणि ते महिन्यातले वीस दिवस टूरवर. उन्हाळ्याची सुट्टी लागली तसं काकूंनी जाहीर केलं, “रोज साडेदहाला पाठव हिला माझ्याकडे. तुझ्या कोंबडीच्या आधी माझी एक गोष्ट.” मला ते सोयीचं होतं. करोल बागेतल्या एका क्लासच्या उत्तरपत्रिका मी घरी तपासते, महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या मुलांच्या, आणि सकाळचा तासभर शांत मिळाला तर पाच पेपर होतात. दोन्ही दारं लोटून ठेवलेली असायची आणि काकूंचा आवाज कूलरच्या घरघरीतून तुटक तुटक यायचा. एकदा त्यांनी वासराला नदीपार पोचवून स्वतः वाहून गेलेल्या गाईची गोष्ट सांगितली, तेव्हा कादंबरी खदखदून हसलेली मला इथे ऐकू आलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “आजी म्हणते, गाय परत येत नाही. मी म्हटलं उद्या येईल. आजी म्हणते, उद्या पण नाही.” तिच्या कपाळावर बारीकशी आठी होती. मला त्या आठीनं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

कारण तोपर्यंत मला धास्ती बसली होती. कधी बसली ते सांगता येईल. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाल्कनीत उन्हानं एक कबूतर पडलं. कादंबरी त्याच्यासमोर उकिडवी बसली, “कट” म्हणाली, आणि वाट बघू लागली. पुन्हा म्हणाली. मग उठली आणि आत येऊन बिस्कीट मागितलं. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी कबूतर वर्तमानपत्रात गुंडाळून खाली नेलं, आणि वर येताना दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसले. आपण घरात काय वाढवतो आहोत, असं माझ्या मनात आलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. खाली खेळताना कोणी रडलं तर ही काय करते. प्रतीकचं बोट दारात चेमटलं तेव्हा हिनं आधी त्याच्या बोटाकडे पाहिलं की तोंडाकडे. मुंगीवर पाय देताना थांबली का. मी ते सगळं लक्षात ठेवायचे आणि प्रतीक घरी आला की त्याला सांगायचे. तो बूट काढता काढता म्हणायचा, “यार उल्का, कार्टून आहे ते. आपण काय कमी बघितली मारामारी?” आपण बघितली, पण आपल्याला कोणी मेलं की रडायचं असतं हे आधी ठाऊक होतं, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, “अच्छा, बंद करून टाक मग.” ते मी केलं नाही. ‘नाकीनऊ’ म्हणणारी मुलगी मला सोडवत नव्हती.

वीस मेला सकाळपासून लू, इकडचा तो अंग भाजणारा वारा, वाहत होती. कादंबरी साडेदहाला समोर गेली. मी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होते. प्रश्न होता, धरणाचे दरवाजे उघडावे लागणार आहेत, तुम्ही जिल्हाधिकारी आहात, कोणतं गाव आधी हलवाल. एका मुलानं पाच मुद्दे लिहून प्रत्येकाखाली दोन दोन रेघा मारल्या होत्या, आणि शेवटचं वाक्य अर्धवट सोडलं होतं, वेळ संपला असणार. त्याला किती द्यावेत या विचारात मी पेनाचं टोपण चावत होते. साडेअकराला नेहमीसारखा टीव्ही लावून ठेवला होता, टॉकीजचं टायटल म्युझिक सुरू झालं, आणि त्याच वेळी कादंबरी दारातून आत आली. माझ्या कोपराशी उभी राहिली आणि म्हणाली, “मम्मा, आजी उठत नाहीये. मी कट म्हटलं. तीनदा म्हटलं.” मी मान वर केली नाही. मी म्हटलं, “अगं, मग सीन चालू असेल अजून. पाणी पी.” आवाजात हसू होतं माझ्या. मी तिच्याच खेळात शिरून तिला उत्तर दिलं होतं, चांगल्या आया देतात तसं. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं पाणी न पिता बाटली उचलली आणि परत समोर गेली. टीव्हीवर कोंबडी बोलत होती, आणि ती बघायला थांबली नाही. जी मुलगी टॉकीजसाठी अर्धी पोळी ताटात टाकून उठते, ती थांबली नाही. इतका बारीक हिशेब ठेवणारी मी, मुंगीचा आणि बोटाचा, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं. सुटलं म्हणणंही खोटं आहे. मला ती जाताना दिसली होती. माझ्या मनात इतकंच आलं की बरं झालं, अजून दोन पेपर होतील.

सव्वा वाजता मी कढीचं पातेलं घेऊन समोर गेले. काकू स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये पडल्या होत्या, उजव्या कुशीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक चप्पल पायात आणि एक लांब. साडी गुडघ्यापर्यंत वर आलेली असणार, कारण तिच्यावर सोफ्याचा अभ्रा पसरलेला होता, आणि तो कोणी पसरला ते मला एका क्षणात कळलं. डोक्याखाली उशी ढकललेली होती, अर्धीच गेली होती. फरशीवर पाणी सांडलेलं. कादंबरी त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसली होती आणि तिच्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. उन्हाळ्यातल्या माशा तुम्हाला माहीत आहेत, त्या ओल्या ओठांवर येतात. ती एकेक माशी हाकलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “डोळ्यावर पण बसतात.” पावणेदोन तास ती माशा हाकलत होती. माझ्या हातातून पातेलं पडलं नाही, असलं काही होत नसतं. मी ते नीट ओट्यावर ठेवलं, झाकण घातलं, आणि मग मला काकूंचे डोळे दिसले. उघडे होते, आणि माझ्यावर होते. त्या शुद्धीवर होत्या. किती वेळ शुद्धीवर होत्या, कधीपासून ऐकत होत्या, दोन्ही दारं लोटलेली असताना माझ्या टेबलापासून त्या जागेपर्यंत माझं हसरं वाक्य पोचलं असेल का, हे मी तेव्हाही मोजलं आणि आजही मोजते. चार पावलांचा पॅसेज, त्यांचा हॉल, माझा हॉल. कूलर चालू होता. टीव्ही चालू होता. पोचलं नसावं. पण मुलगी सांगायला गेली होती आणि एकटीच परत आली, एवढं तर त्यांना तिथे पडल्या पडल्याही दिसलं असणार.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरनं विचारलं, “लास्ट टाइम नॉर्मल कब देखा था इनको?” मी म्हटलं, “एक बजे.” त्यानं विचारलं, “पक्का?” मी म्हटलं, “हाँ जी. बातें कर रही थीं.” ‘बातें कर रही थीं’ हे मी का जोडलं मला माहीत नाही, खोट्याला पाय हवेत म्हणून जोडलं असेल. कादंबरी माझी ओढणी धरून उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला घड्याळ येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पाच वर्षांच्या मुलीला घड्याळ येत नाही. नंतर, काकू धोक्याबाहेर आहेत असं कळल्यावर, मी मोबाइलवर वाचत बसले, मेंदूला रक्त पोचलं नाही तर दर मिनिटाला किती पेशी मरतात. आकडा दिलेला होता. मी त्याला एकशे पाचनं गुणलं नाही. डॉक्टरकडे परत जाऊन मला खरी वेळ सांगता आली असती. तो कॉरिडॉरच्या टोकाला उभा राहून केळं खात होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, त्यानं साल डब्यात टाकलं आणि तो आत गेला.

नीरज दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं आले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. “वहिनी, तुम्ही होतात म्हणून.” एवढा मोठा अधिकारी माणूस, शर्टाचं बटण एक घर चुकून लावलेलं. मी म्हटलं, “असं काय नीरजजी, शेजारी कशाला असतात.” इमारतीत सगळ्यांना कळलं. चौथ्या मजल्यावरच्या हेमलता वहिनी वरणाचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “उल्का, तू लकी आहेस बाई, तुझ्या हातून पुण्य झालं.” प्रतीकनं साताऱ्याला फोन लावून सांगितलं, आणि सासूबाई पहिल्यांदा माझ्याशी पाच मिनिटं नुसतं कौतुकानं बोलल्या. माझ्या मुलीचं कौतुक कोणी केलं नाही, कारण तिनं काय केलं ते मी कोणाला सांगितलंच नाही. माशा किती वेळ हाकलल्या हे सांगितलं तर किती वाजल्यापासून हेही आलंच. पंधरा दिवस मी ज्या एका गोष्टीची चिन्हं तिच्यात शोधत होते, ती माझ्यासमोर मांडी घालून बसलेली मला दिसली होती, आणि मी तिच्यावर झाकण घातलं.

टॉकीज आता आमच्याकडे लागत नाही. मी बंद केलं नाही, कादंबरीनंच बघणं सोडलं. जुलैमध्ये शाळा सुरू झाली. एका रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि ती आतल्या खोलीत बाहुल्या मांडून बसली होती. दार अर्धं उघडं होतं. मोठी बाहुली आडवी ठेवली होती. छोटी बाहुली टुणटुण चालत तिसऱ्या बाहुलीकडे गेली, जिच्यासमोर कागदाचे कपटे पसरले होते, आणि म्हणाली, “मम्मा, आजी उठत नाहीये.” आणि ती कागदवाली बाहुली मान न हलवता, माझ्या आवाजात, हुबेहूब माझ्या त्या हसऱ्या, शहाण्या आवाजात म्हणाली, “अगं, मग सीन चालू असेल अजून. पाणी पी.” माझ्या हातात प्रतीकचा शर्ट होता. मी दारात गेले. कादंबरीनं मला पाहिलं, आणि लपवावं असं काही तिला वाटलं नाही. “हा माझा एपिसोड आहे,” ती म्हणाली. मी विचारलं, “आणि कोंबडी कुठाय यात?” ती म्हणाली, “यात कोंबडी येत नाही.” माझी नक्कल माझ्या मुलीनं केली होती आणि ती चांगली होती, मुळाबरहुकूम. मी हसले. मला खरोखर हसू आलं, आणि हसताना मला दिसत होतं की ती हसत नाहीये, ती माझ्या तोंडाकडे बघते आहे, मी तिच्यावर पाळत ठेवायचे तशी. या सत्रात त्यांच्या वर्गात घड्याळ शिकवताहेत. मोठा काटा बारावर, मोठा काटा सहावर. ती पुठ्ठ्याचं घड्याळ घरी घेऊन येते आणि काटे फिरवून मला विचारते, “हे किती, मम्मा?” मी सांगते. साडेअकरा आले की मी पोळी बघायला उठते.

ऑगस्टमध्ये नीरजनी काकूंना नोएडाच्या पलीकडे घेतलेल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये हलवलं. मोकळी हवा, लिफ्ट, फिजिओथेरपीवाला सोसायटीतच, आणि दिवसभर सांभाळायला कल्पना नावाची बाई. मी एकदा भेटायला गेले, एकटी. काकू खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणी ठेवून गेल्यासारखा. बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं माझा गाल धरला आणि बराच वेळ धरून ठेवला, आणि त्या धरण्यात काय होतं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. क्षमा असेल तर तिचा हात इतका घट्ट का होता. मी निघाले तेव्हा कल्पना माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “दीदी, बारा से चार मैं बी टावर में दूसरे घर जाती हूँ। माताजी सोई रहती हैं। भैया को मत बताना, बच्चों की फीस है।” मी नाही बोलणार म्हणाले. लोकांची गुपितं ठेवणं मला जमायला लागलं होतं. मात्र काकूंच्या मोबाइलवर माझा नंबर पहिल्या बटणाला लावून दिला आणि त्यांना खुणेनं समजावलं, रोज दोन वाजता एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे मी समजेन तुम्ही बऱ्या आहात. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून रोज दोनला एक रिंग यायची आणि थांबायची. मी उलटी एक द्यायचे. पुढे त्या काठी घेऊन घरात चालतात, वाचाही सुधारते आहे असं नीरज लिहायचे. मेसेज मी दोनदा वाचायचे आणि उत्तरात दोन फुलं पाठवायचे.

गेल्या गुरुवारी दोन वाजता रिंग थांबली नाही. मी उचलला. पलीकडे श्वास होता, आणि मग जड जिभेनं, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, काकू म्हणाल्या, “उल्के. पोरगी. त्या दिवशी.” मी फोन बंद केला. बोट आपोआप गेलं असं मी लिहिणार होते, पण बोट माझंच आहे. त्यानंतर मिस्ड कॉल आलेला नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार. मीही लावला नाही. सोमवारी लावला तर वाजत राहिला. मंगळवारी मी मेट्रोनं शेवटपर्यंत गेले, तिथून ई-रिक्षानं, आणि सोसायटीच्या गेटवर एक वाजता पोचले. गार्डनं इंटरकॉम लावला, दोनदा लावला, म्हणाला, “कोई उठा नहीं रहा मैडम, सो रहे होंगे। ऊपर जाना है तो मालिक से ऐप पे अप्रूवल मँगवाइए।” नीरज ईशान्येत कुठेतरी टूरवर आहेत. मी मेसेज टाकला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘कल्पनाशी बोललो वहिनी. आई झोपली आहे म्हणते. काळजी नसावी.’ कल्पना त्या वेळी घरात नसते हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. मी ते टाइप केलं आणि पुसलं, कारण मला कसं माहीत, कधीपासून माहीत, हा प्रश्न आला असता, आणि ‘कधीपासून’ हा शब्द मला आता सहन होत नाही. काकू आत पडलेल्या असतील. किंवा खुर्चीत बसून त्या तीन शब्दांच्या पुढचे शब्द जुळवत असतील. गेटवर उभी असताना मला या दोन्हींची भीती वाटत होती, आणि यातली जास्त कशाची हे मी स्वतःला विचारलं नाही. कादंबरीची बस अडीचला येते. मी परत फिरले. आज बुधवार आहे, दोन वाजून गेले आहेत, मोबाइल समोर ठेवून हे लिहिते आहे. प्रतीकला म्हटलं तर तो म्हणतो, “नीरज आहे ना यार, आपण किती मध्ये पडायचं.”

म्हणून तुम्हाला सांगते. नोएडा एक्स्टेन्शनच्या त्या बाजूला तुम्ही राहत असाल, तुमच्या सोसायटीत सी टॉवर असेल, तर चौदाव्या मजल्यावर जा. तुम्ही तिथले राहणारे, तुम्हाला गार्ड अडवणार नाही. लिफ्टमधून बाहेर आल्यावर डाव्या हाताचं दुसरं दार, जाळीचं, पाटी इंग्रजीत आहे, एन. राजाध्यक्ष. बारा ते चारच्या मध्ये जा. दोनदा बेल वाजवा आणि थांबा, काठी घेऊन यायला त्यांना वेळ लागतो. दार उघडलं नाही तर गार्डला घेऊन या, कुलूप फोडायला लावा, कोणाला काय वाटेल बघू नका. आणि उघडलं तर जरा वेळ बसा. त्या काही सांगायला लागतील, शब्द उशिरा येतात, मध्ये बोलू नका, त्यांच्यासाठी वाक्य पुरं करू नका, शेवटपर्यंत ऐकून घ्या. काय म्हणाल्या ते मला कळवू नका. दार त्यांनी स्वतः उघडलं, एवढंच कळवा.